औदुंबराच्या नांवाचे लोक

पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशाच्या मध्यभागीं, विषुववृत्ताच्या अगदीं सान्निध्यांत, १७,०५७ फूट उंचीचा एक पर्वत उभा आहे. १८४९ सालीं लुडविग क्राप्फ नांवाच्या जर्मन मिशनऱ्यानें तो दुरून पाहिला व त्याच्या माथ्यावर बर्फ असल्याचें युरोपांत कळविलें, तेव्हां तेथील कित्येक पंडितांस ती गोष्ट खरी वाटेना. तें बर्फ आतां झपाट्यानें आटत चाललें आहे. पर्वताच्या दक्षिणेस व पश्चिमेस वस्ती करून असलेले लोक त्यास किरिन्यागा म्हणतात. त्यांचा देव न्गाइ हा पृथ्वीवर उतरला म्हणजे या शिखरावर विसावा घेतो अशी त्यांची श्रद्धा. कैलासाची कल्पना लहानपणापासून मनांत बाळगणाऱ्या वाचकांस हें निराळें समजावून सांगावयास नको. देशाचें केनिया हें नांवही या पर्वतावरूनच पडलें आहे.

हे लोक म्हणजे गिकुयू. २०१९ च्या शिरगणतींत त्यांची संख्या ८१ लाखांहून अधिक भरली. केनियांतील सर्वांत मोठा समाज हाच. आफ्रिका म्हटली कीं अरण्यें, भाले आणि ढोल एवढ्यावर आपली माहिती बहुधा संपते. परंतु या लोकांच्या घरांत डोकावलें असतां एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास ओळखीच्या वाटाव्या अशा किती तरी गोष्टी दिसतात. आणि त्या घराचें पुढें काय झालें ही हकीकत तर आमच्या मतें प्रत्येक कुटुंबांतील थोरांनीं वाचावी व लहानांस सांगावी अशी आहे.

प्रथम भाषेचा विचार करूं. संस्कृताचा व्यासंग असलेल्या माणसाची पावलें सहजच तिकडे वळतात. आफ्रिका खंडाच्या दक्षिणार्धांत सुमारें ५०० भाषा अशा आहेत कीं त्यांचें परस्परांशीं नातें मराठी, बंगाली व गुजराती यांच्या नात्यासारखें स्पष्ट दिसतें. यांतल्या पुष्कळ भाषांत मनुष्यास ‘मुन्तु’ किंवा त्यासारखा शब्द असून ‘बान्तु’ हें त्याचें अनेकवचन आहे. यावरूनच विल्हेल्म ब्लीक या जर्मन भाषापंडितानें एकोणिसाव्या शतकांत सगळ्या कुलास ‘बांटू’ हें नांव दिलें. बांटू ही जात नव्हे किंवा धर्म नव्हे. भाषाकुलाचें तें नांव आहे, हें ध्यानांत ठेवावें. या भाषा बोलणाऱ्यांचें मूळ स्थान हल्लींच्या कॅमेरून व नायजेरिया या देशांच्या सरहद्दीजवळ असून चार-पांच हजार वर्षांपूर्वीं तेथून ते हळूहळू पूर्वेस व दक्षिणेस पसरले, असें आज भाषाशास्त्रज्ञ मानतात. एका मोहिमेंत कोणी खंड जिंकला असें नव्हे. शेताचा कस गेला कीं पुढच्या रानांत जावयाचें, मुलगे वाढले कीं नवी वस्ती करावयाची, अशा पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनीं ही वाट तुडविली गेली.

आपल्या भाषांत विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या शेवटीं लागतात. बांटू भाषांत सारा कारभार शब्दाच्या आरंभीं चालतो. एक मनुष्य तो मुगिकुयू, अनेक ते अगिकुयू. शब्दांचे पुष्कळ वर्ग आहेत, माणसांचा निराळा, झाडांचा निराळा. आणि नामाचा जो वर्ग त्याला अनुसरून विशेषण व क्रियापद यांचीं आद्याक्षरें बदलतात. आपल्या तीन लिंगांस कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांस ही भाषा शिकावयास लावावी!

‘गिकुयू’ या शब्दांत आणखी एक गंमत आहे. ‘कुयू’ ही मूळ प्रकृति, तिला ‘कि’ हा उपसर्ग. मग किकुयू न होतां गिकुयू कां व्हावें? तर दोन अघोष व्यंजनें लागोपाठ आलीं असतां त्यांतलें पहिलें घोष होतें, असा या भाषेचा नियम आहे. एडमंड डाल या मिशनऱ्याच्या नांवावरून पंडित त्याला डालचा नियम म्हणतात. भू धातूचें द्वित्व होतांना ‘भभूव’ न होतां ‘बभूव’ होतें, धा धातूचें ‘धधाति’ न होतां ‘दधाति’ होतें, हें आम्ही वर्गांत किती वेळां घोकवून घेतलें असेल! दोन महाप्राण शेजारीं आले कीं जीभ पहिल्याचा प्राण काढून घेते. पाणिनीनें त्याला सूत्रांत बांधलें, ग्रासमान या जर्मनानें १८६३ सालीं त्याचा पुन्हां शोध लावला, आणि इकडे गिकुयू शेतकरी व्याकरणाचें एकही पुस्तक न वाचतां तशाच तऱ्हेचा नियम पिढ्यान् पिढ्या पाळीत आले. किनाऱ्यावरच्या स्वाहिली भाषेंत हा नियम नाहीं, म्हणून परकीयांच्या तोंडीं किकुयू हें रूप बसलें. खुद्द त्या लोकांच्या तोंडून तें नांव ‘गेकोयो’ असें कांहींसें ऐकूं येतें.

आणि या नांवाचा अर्थ? ‘मुकुयू’ म्हणजे उंबराच्या वर्गांतलें एक झाड. बुंध्यालाच फळांचे घोस लागतात, अगदीं आपल्या औदुंबरासारखे. वनस्पतिशास्त्रांतही हीं दोन्ही झाडें सख्खीं भावंडें गणलीं जातात. गिकुयू म्हणजे मोठा मुकुयू. औदुंबराच्या नांवानें स्वतःस ओळखणारें हें कुल आहे! पूजेचें झाड मात्र दुसरें, तें ‘मुगुमो’. तेंही वडा-पिंपळाच्याच जातीचें. पक्ष्यांनीं टाकलेल्या बीजापासून दुसऱ्या झाडावर उगवतें आणि पुढें त्यालाच गिळून टाकतें. याच्या छायेंत वडील मंडळी पावसासाठीं कोंकराचा बळी देत, आणि त्यावर कुऱ्हाड चालविणें हें पाप समजलें जाई.

आतां मूळपुरुषाची कथा. न्गाइनें गिकुयू नांवाच्या पुरुषास पर्वतशिखरावर नेलें, खालचा सारा सुपीक प्रदेश दाखविला, व मध्यभागीं असलेल्या उंबराच्या राईंत घर करावयास सांगितलें. त्या जागेचें नांव मुकुर्वे वा न्यागाथांगा. मुरांगा जिल्ह्यांत ती आजही दाखवितात. तेथें त्याला मुम्बी ही पत्नी मिळाली. मुम्बी म्हणजे घडविणारी. मडकीं घडविणाऱ्या कुंभारणीसही हाच शब्द आहे, आणि या लोकांत मडकीं घडविणें हें बायकांचेंच काम. या दांपत्यास नऊ मुली झाल्या, मुलगा नाहीं. मुली उपवर झाल्या तेव्हां गिकुयूनें मुगुमोखालीं यज्ञ करून न्गाइची प्रार्थना केली आणि नऊ तरुण तेथें प्रकट झाले. त्या नऊ मुलींच्या नांवांनीं नऊ कुळें चालू झालीं. वस्तुतः कुळें दहा आहेत. पण दहा हा आंकडा या लोकांस अशुभ, म्हणून ‘भरलेले नऊ’ असें म्हणतात. वांजिरू, वांबुई, वांजिकू, वांगारी हीं त्या मुलींचीं नांवें आज केनियांत घरोघर ऐकूं येतात.

आपलीं गोत्रें ऋषींचीं, यांचीं ऋषिकन्यांचीं! तरी घरांतली सत्ता पुरुषांचीच आहे. ही विसंगति कशी, याचेंही उत्तर कथेंत आहे. आरंभीं म्हणे राज्य बायकांचें होतें व एकेका स्त्रीस अनेक पति असत. पुरुष त्या जाचास कंटाळले. सर्व बायका एकाच वेळीं गर्भवती असतील असा बेत करून त्यांनीं सत्ता हातीं घेतली. परंतु कुळांचीं नांवें पालटावयास गेले तेव्हां बायका म्हणाल्या, नांवें गेलीं तर यापुढें मूल होणार नाहीं! पुरुष मुकाट्यानें माघारले. ही कथा कोण्या आजीनें रचली असावी, असा आमचा तर्क आहे.

कथेपलीकडचा इतिहास असा. कांबा, एम्बू, मेरू या शेजाऱ्यांची भाषा गिकुयूंच्या भाषेची निकटची आप्त आहे. हे सारे लोक पूर्वेकडून व ईशान्येकडून पर्वताच्या पायथ्याशीं येत गेले. मुरांगाहून कांहीं उत्तरेस न्येरीकडे सरकले, तर कांहीं दक्षिणेस किआंबूकडे, हल्लींच्या नैरोबी शहराच्या वेशीपर्यंत. येथें अथी नांवाचे पारधी लोक रानांत राहत. त्यांच्यापासून गिकुयूंनीं बकऱ्या देऊन जमीन घेतली, आणि नुसता सौदा न करतां, अथी व गिकुयू या दोन घराण्यांनीं एकमेकांस दत्तक घेण्याचा विधि करून मग हद्दीवर झाडें लाविलीं. मैदानांतल्या मसाई गुराख्यांशीं त्यांच्या लढायाही होत आणि सोयरिकीही. न्गाइ हें देवाचें नांव त्यांच्याच भाषेंतून आलेलें आहे. शेजाऱ्याशीं भांडावें आणि त्याचाच देव आपल्या देव्हाऱ्यांत बसवावा, हें कांहीं फक्त हिंदुस्थानांतच घडत नाहीं.

हा प्रदेश म्हणजे डोंगरसोंडा व त्यांच्यामधून वाहणारे ओढे. एकेक सोंड एकेका घराण्याची. घर एका खोलीचें नव्हे; एका आवारांत अनेक वाटोळ्या, गवतानें शाकारलेल्या झोंपड्या. कर्त्या पुरुषाची ती ‘थिंगिरा’. तेथें पाहुणे व वडील मंडळी बसत. प्रत्येक पत्नीची स्वतंत्र ‘न्युम्बा’, तिचें धान्याचें कोठार निराळें आणि शेताचा तुकडाही निराळा. नवें घर एका दिवसांत उभें राहिलें पाहिजे, आणि जुन्या घरचा अग्नि नेऊन तेथें चूल पेटविली पाहिजे, असा दंडक. अर्थात् एकट्याच्यानें हें होणें नाहीं. बायका गवत आणीत, पुरुष खांब रोवीत, आणि सायंकाळीं यजमानाकडे भोजन. शेतीच्या कामांतही असेंच पाळीपाळीनें एकमेकांच्या शेतांत राबत; त्याला ‘न्ग्वातिओ’ म्हणत. आपल्या खेड्यांत हेंच इर्जिक.

त्यांचीं पिकें पाहिलीं तर आपली सुगरण मुळींच बावरणार नाहीं. बाजरी, रताळीं, केळीं. ‘न्दुमा’ म्हणजे आपल्या अळकुड्या. आणि ‘न्जाही’ म्हणजे काळा वाल. या वालाचा मान मोठा. बाळंतिणीस तो आवर्जून खाऊं घालतात व मंगलकार्यांत तो लागतोच. इतकेंच नव्हे, तर मार्चपासूनच्या मोठ्या पावसास ‘न्जाहीचा पाऊस’ व आक्टोबरपासूनच्या लहान पावसास ‘बाजरीचा पाऊस’ म्हणतात. आपण पाऊस नक्षत्रांवरून ओळखतों, ते पिकांवरून. बाजरीच्या आंबविलेल्या पेजेस ते ‘उचुरू’ म्हणतात. ती आपली आंबीलच. मका मात्र पुढें आला. हल्लीं मका व घेवडा एकत्र शिजवून केलेलें ‘गिथेरी’ हेंच रोजचें जेवण झालें आहे.

मुलांचीं नांवें ठेवण्याची रीति तर वाचकांस घरचीच वाटेल. पहिल्या मुलास वडिलांच्या वडिलांचें नांव, दुसऱ्यास आईच्या वडिलांचें. पहिल्या मुलीस वडिलांच्या आईचें, दुसरीस आईच्या आईचें. आपल्याकडे दुसऱ्या मुलाच्या वेळीं आईच्या माहेरास इतका मान मिळतो काय, हा प्रश्न आमच्या भगिनींनींच सोडवावा. नातू म्हणजे आजोबाच परत आले, ही भावना इतकी खोल कीं आजी नातवास थट्टेनें ‘माझे यजमान’ म्हणून हांक मारते.

लग्नांत वरपक्ष वधूपक्षास बकऱ्या देतो. मिशनऱ्यांनीं याला बायको विकत घेणें असें म्हटलें. बकरी हेंच ज्यांचें नाणें, त्यांच्यांत असा गैरसमज होणें साहजिक. परंतु हें देणें एका दिवसांत फिटत नाहीं, वर्षानुवर्षें चालतें, आणि त्यायोगें दोन घराणीं बांधलेलीं राहतात. हुंड्यापायीं कर्जबाजारी झालेले बाप आम्हीं पाहिले आहेत. त्यामुळें या बाबतींत त्या लोकांस नांवें ठेवण्याची आम्हांस घाई नाहीं. पुरुषानें अनेक बायका कराव्या ही चाल मात्र तेथेंही कलहाचीच होती.

राजा त्यांच्यांत नव्हता. बरोबरीच्या वयाच्या मुलांची दीक्षा एकदम होई व त्यांचा एक संघ बने. तें नातें जन्मभर भावाबहिणीच्या नात्याप्रमाणें पाळलें जाई. वडिलांच्या पंचायतीस ‘किआमा’ म्हणत. वय वाढे तसतसा मनुष्य बकऱ्या देऊन पंचायतींतील वरची पायरी चढे. आणि सुमारें तीस वर्षांनीं ‘इतुइका’ नांवाचा मोठा समारंभ होऊन एक सबंध पिढी आपला अधिकार दुसऱ्या पिढीच्या स्वाधीन करी. फार पूर्वीं एक जुलमी राजा होता, त्याला काढून लोकांनीं हा नियम केला, अशी आख्यायिका आहे. हातांतल्या किल्ल्या वेळेवर सुनेच्या स्वाधीन करणें किती कठीण, हें एकत्र कुटुंबांतील कोणासही ठाऊक आहे. येथें साऱ्या देशाच्या किल्ल्या ठराविक मुदतीनें सोंपविल्या जात.

या सर्वांच्या मुळाशीं होती जमीन. एका पूर्वजाच्या वंशजांच्या समूहास ‘म्बारी’ म्हणत, आणि सोंडेवरची जमीन त्या म्बारीची. त्यांतला एक जबाबदार पुरुष ‘मुरामाति’, म्हणजे सांभाळणारा. हा मालक नव्हे. आपल्या धर्मशास्त्रांतला अविभक्त कुटुंबाचा कर्ता तो हाच. प्रत्येकास वहिवाटीस शेत मिळे, भूमिहीन मित्रास ‘मुहोइ’ म्हणून कसावयास देत, आणि सर्वांच्या संमतीवांचून जमीन बाहेर जात नसे. पूर्वज त्याच मातींत असल्यामुळें मद्य पिण्यापूर्वीं त्याचे चार थेंब भूमीवर सांडीत. कागद कोठेंही नव्हता. सोंड कोणाची हें सर्वांस ठाऊक होतें, मग कागद कशास हवा?

येथून पुढची हकीकत दुःखाची आहे. १८९० सालीं इंग्रज कंपनीचा अधिकारी लुगार्ड हा डागोरेटी येथें आला तेव्हां वाइयाकी वा हिंगा या पुढाऱ्यानें त्याच्याशीं रक्ताच्या शपथेनें बंधुत्व जोडलें. दोनच वर्षांत कंपनीच्या माणसांनीं त्याला पकडून किनाऱ्याकडे चालविलें आणि वाटेंत किब्वेझी येथें तो मरण पावला. १८९६ मध्यें मोंबासाहून आगगाडीचा रस्ता सुरू झाला. तो बांधण्यास सुमारें ३२,००० हिंदी मजूर नेले होते, बहुतेक पंजाबचे. इतक्यांत अवर्षण, टोळधाड, गुरांचा रोग आणि देवी हीं संकटें एकामागून एक कोसळलीं. १८९८-९९ च्या त्या दुष्काळांत, म्हणजे आपल्याकडे दुष्काळ व प्लेग यांनीं थैमान घातलें होतें त्याच सुमारास, किआंबूकडील असंख्य लोक मेले आणि उरलेले मुरांगांतील भाऊबंदांकडे आश्रयास गेले. आपत्काळीं मूळ घरीं जावें, सुकाळ झाला म्हणजे परतावें, हाच एकत्र कुटुंबाचा धर्म.

ते परतले तेव्हां त्यांच्या शेतांवर गोरे मळेवाले बसले होते. सरकारच्या दृष्टीनें ती जमीन ओसाड होती. १९०२ च्या कायद्यानें ती गोऱ्यांस वांटण्याची सोय झाली, १९१५ च्या कायद्यानें ‘नेटिवां’च्या वहिवाटीची सर्व जमीन सरकारी ठरली, आणि १९२१ सालीं नैरोबीच्या वरिष्ठ न्यायालयानें स्पष्ट निकाल दिला कीं गिकुयू हे आपल्याच भूमीवर सरकारच्या मर्जीनें राहणारे कूळ होत. ज्या नात्यानें म्बारीनें मुहोइ ठेवला होता, त्याच नात्यानें आतां अवघी म्बारी सरकारची मुहोइ झाली. घरपट्टीसाठीं पैसा हवा, तो मिळण्यास मळ्यावर मजुरी. आणि १६ वर्षांवरील प्रत्येक पुरुषानें ‘किपांडे’ नांवाचा, बोटांचे ठसे असलेला दाखला पत्र्याच्या डबींत घालून गळ्यांत अडकवावयाचा. राजा नसलेल्या लोकांवर सरकारनें नवे ‘चीफ’ नेमले. १९२५ ते १९२८ च्या सुमारास व्हावयाची इतुइका झालीच नाहीं. हॅरी थुकू या तरुणानें याविरुद्ध आवाज उठविला, त्याला मणिलाल अंबालाल देसाई या हिंदी संपादकानें आपल्या कचेरींत थारा दिला. १९२२ च्या मार्चांत थुकूस पकडतांच नैरोबींत जमाव जमला आणि त्यावर गोळीबार झाला.

पुढें १९२९ मध्यें वेगळाच वाद पेटला. मुलींच्या दीक्षेंत त्यांच्या शरीरावर शस्त्र चालविण्याची चाल होती. ती सोडल्याची शपथ घ्यावी असा स्कॉटिश मिशननें आग्रह धरला. चाल क्रूर होती यांत आम्हांस संशय नाहीं. केनियानें २०११ सालीं स्वतःच कायदा करून ती पूर्णपणें बंद केली आहे. परंतु त्या वेळीं ज्यांनीं जमीन घेतली तेच आतां घरांतले संस्कार घेऊं पाहतात, असें लोकांस वाटलें आणि हजारों कुटुंबांनीं मिशनच्या शाळा सोडल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या वादांत लोकमान्यांनीं कोणती बाजू घेतली व कां, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस हा पेंच समजेल. त्या वादांत मुलींस कोणी विचारलें नाहीं, हेंही दोन्हीकडे सारखेंच. या फुटींतून एक गोष्ट मात्र उत्तम निघाली. लोकांनीं वर्गणी काढून आपल्या शाळा बांधल्या, आणि १९३९ सालीं गिथुंगुरी येथें शिक्षकांसाठीं स्वतःचें महाविद्यालय काढलें. १९५२ मध्यें सरकारनें तें बंद केलें. पुढें तेथें फांशीचे खांब उभे राहिले. ज्याची हयात खडू-फळ्यांत गेली त्यास हें वाक्य लिहितांना लेखणी थांबवावी लागते.

दरम्यान जोमो केन्याटा हा गिकुयू तरुण लंडनास जाऊन मालिनोव्स्की या प्रख्यात मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकला, आणि १९३८ सालीं त्यानें ‘फेसिंग माउंट केनिया’ हा आपल्या लोकांच्या आचारांवरील ग्रंथ लिहिला. परक्यांनीं आपल्यावर लिहिलेलें वाचण्याऐवजीं आपण आपल्यावर लिहावें, हा त्याचा बाणा. ग्रंथ पक्षपाती आहे, पण जमिनीच्या प्रकरणांत त्याचा शब्द न् शब्द वजनदार आहे.

१९५२ च्या आक्टोबरांत आणीबाणी पुकारली गेली. शपथबद्ध झालेले तरुण न्यांदारुआ व किरिन्यागाच्या अरण्यांत गेले. जग त्यांस ‘माउ माउ’ म्हणूं लागलें. त्यांच्या हातून भीषण कृत्यें झालीं, आणि मेले त्यांत बहुतेक त्यांचेच भाऊबंद होते. कारण कुळेंच्या कुळें दुभंगून एक भाऊ रानांत तर दुसरा सरकारच्या पथकांत अशी स्थिति झाली. सरकारनें १,०९० माणसें फांशीं दिलीं. छावण्यांत झालेल्या छळाबद्दल ब्रिटिश सरकारनें २०१३ सालीं खेद व्यक्त केला व ५,२२८ वृद्धांस भरपाई देण्याचें मान्य केलें.

या दिवसांत हिंदुस्थान सरकारचे नैरोबींतील आयुक्त एक मराठी गृहस्थ होते, ही गोष्ट आज थोड्यांस माहीत असेल. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचे पुत्र अप्पासाहेब पंत हे १९४८ पासून १९५४ पर्यंत तेथें होते. ज्या औंधानें १९३९ सालीं राजसत्ता ग्रामपंचायतींच्या स्वाधीन केली, तेथून आलेल्या माणसास किआमा परकी वाटली नसावी. आफ्रिकन पुढाऱ्यांशीं त्यांचा स्नेह गोऱ्या मळेवाल्यांस खुपला व त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या. दुसरे, नैरोबींत जन्मलेले गोमंतकीय पियो गामा पिंटो. माउ माउ कैद्यांच्या कुटुंबांस मदत केल्यावरून ते १९५४ ते १९५९ स्थानबद्ध होते.

लढाईपेक्षां खोल घाव दुसऱ्याच बाजूनें बसला. दहा लाखांहून अधिक लोकांस सोंडांवरून उठवून कुंपण घातलेल्या नव्या गांवांत कोंडलें, आणि ते तेथें असतांना १९५४ च्या स्विनर्टन योजनेप्रमाणें जमिनींची नवी मोजणी करून एकेका पुरुषाच्या नांवें पट्टे दिले. कित्येक वांटेकरी छावण्यांत होते. त्यांच्या मागें वांटणी झाली. मुहोइचा हक्क बुडाला, बायकांच्या शेतांस कागदांत जागा राहिली नाहीं, मुरामाति हें पद अर्थहीन झालें. शेतीचें उत्पन्न वाढलें हें खरें. चहा व कॉफी लावण्याची मुभा मिळाली. पण म्बारी कागदावरून गेली.

१२ डिसेंबर १९६३ रोजीं केनिया स्वतंत्र झाला, तेव्हां केन्याटा प्रधान मंत्री होते. थिका येथील एक पुरातन मुगुमो त्याच वर्षीं वीज पडून कोसळला. तो पडेल तेव्हां इंग्रजांचें राज्य जाईल असें भविष्य होतें म्हणतात. गोऱ्यांचे मळे कर्ज काढून विकत घेण्यांत आले. परंतु उत्तम मळे मंत्र्यांच्या व त्यांच्या आप्तांच्या हातीं गेले, आणि अरण्यांतून बाहेर आलेले अनेक जण भूमिहीनच राहिले. याविरुद्ध बोलणाऱ्यांत पिंटो होते; २४ फेब्रुवारी १९६५ रोजीं त्यांचा गोळ्या घालून खून झाला. न्गुगी वा थिओंगो यांनीं इंग्रजी सोडून मातृभाषेंत नाटक लिहिलें व गांवच्या शेतकऱ्यांकडून करविलें, तेव्हां १९७७ च्या अखेरीस त्यांस स्वदेशी सरकारनेंच तुरुंगांत टाकलें. तेथें शौचालयांतील कागदावर त्यांनीं गिकुयू भाषेंत कादंबरी लिहून काढली. २०२५ च्या मे महिन्यांत ते अमेरिकेंत वारले.

न्येरी जिल्ह्यांतील इहिथे गांवीं १९४० सालीं जन्मलेल्या वांगारी माथाई यांस आईनें लहानपणीं बजावलें होतें कीं मुगुमोची काटकी सरपणास आणावयाची नाहीं, तें देवाचें झाड आहे. त्या झाडाजवळच एक झरा होता. अमेरिकेंत शिकून त्या परत आल्या, तों पट्टा मिळालेल्या नव्या मालकानें झाड तोडून चहा लाविला होता, आणि झरा आटला होता. झाडाचीं खोल मुळें पाणी धरून ठेवीत होतीं, हें शास्त्र त्यांस तेव्हां उमगलें. ५ जून १९७७ रोजीं नैरोबींत त्यांनीं सात झाडें लावून आपल्या कार्यास आरंभ केला. त्यांतलीं दोनच जगलीं. पुढें खेड्यापाड्यांतील बायकांनीं लावलेलीं झाडें कोटींनीं मोजावीं लागलीं, आणि २००४ सालीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. २०११ सालीं त्या वारल्या. आपल्या शवपेटीसाठीं झाड तोडूं नये अशी त्यांची इच्छा होती. म्हणून बांबू, लव्हाळे व जलपर्णी यांची पेटी विणून त्यांचें नैरोबी येथें दहन करण्यांत आलें.